बोटीत राहिलेला माणूस

आबांची बोट वर आली त्या आठवड्यात लोधिवलीच्या बैलमाऱ्यांना आबांचं प्रेम एकदम दाटून आलं. एरवी आबांची तसबीर जिन्याखाली, पाण्याच्या मोटारीच्या बटणाशेजारी लटकायची. आणि तसबीर तरी कसली. आबांना हयातीत कुणी कॅमेऱ्यापुढे उभं केलंच नव्हतं, म्हणून पेणच्या पेंटरकडून त्यांच्या मुलाच्या, रामभाऊंच्या, तोंडावर झुबकेदार मिशा काढून घेऊन आबा तयार केले होते. आता ती तसबीर टीव्हीच्या वर गेली, तिला झेंडूचा हार आला, आणि रामभाऊंचा थोरला मालोजी खालापूरला जाऊन बॅनरची ऑर्डर देऊन आला. 'जलवीर कै. सखाराम आबा बैलमारे यांच्या अस्थींचे स्वगृही आगमन.' खाली हात जोडलेला मालोजी, आबांपेक्षा अंमळ मोठा.

रामभाऊ गेल्यावर घरात वडीलधारं म्हणून त्यांची बायको चंद्राबाईच तेवढी उरली होती. त्या सोफ्यावर पाय वर घेऊन बसल्या होत्या आणि बॅनरचा नमुना मोबाइल लांब धरून बघत होत्या.

"स्वगृही आगमन," त्या म्हणाल्या. "पयल्यांदाच येतायत जसे."

"काय म्हणालीस, आई?"

"काय नाय. मिशा बऱ्या आल्यात म्हटलं."

बोटीची कथा बैलमाऱ्यांच्या पोरांना पाळण्यापासून ऐकवली जाते. घाटावरचा सोनवळीचा तलाव बांधला जात होता, साहेबाचं राज्य होतं, आणि दगडांनी भरलेले तराफे ओढायला कंपनीने वाफेवर चालणारी एक बोट आणली होती. ती चालवायला आबा, आणि बॉयलरमध्ये कोळसा टाकायला कोंडाणे गावचा हिरू. दोघं जिवाभावाचे दोस्त, एका ताटात जेवणारे. मग एका खंडेनवमीला हस्ताचं वादळ आलं, बोट भर तलावात सापडली, हिरूने उडी टाकून पळ काढला, आणि आबा सुकाणू न सोडता बोटीसकट तळाला गेले. हे वादळ प्रत्यक्ष कुणी पाहिलं, हे विचारायची घरात पद्धत नव्हती. बोट बुडाली आणि दोन माणसं नाहीशी झाली, एवढंच घाटाखाली कळलं होतं. मग त्यातलं मरण कुणाला द्यायचं आणि पळणं कुणाला, याची वाटणी गावाने केली. बोटीचा मुख्य म्हणून आबांना चांगला वाटा मिळाला.

तेव्हापासून बैलमारे 'बोटवाले' झाले. मालोजीने नवं घर बांधलं तेव्हा गच्चीवरची पाण्याची टाकी मुद्दाम बोटीच्या आकाराची करून घेतली. हायवेवरून जाणारे लोक गाड्या थांबवून फोटो काढतात. टाकी पहिल्या वर्षापासून गळते, पण ते काही हायवेवरून दिसत नाही.

हिरूच्या घराशी मात्र रोटीबेटी बंद झाली. जात एक, देव एक, पण त्यांच्या घरचं पाणी घ्यायचं नाही आणि आपल्या घरी त्यांना पाणी विचारायचं नाही. हेही कधीच जुनं होऊन विसरलं गेलं असतं, पण कावळ्याने विसरू दिलं नाही. दर सर्वपित्रीला आबांच्या नावाचं पान ठेवायचं, आणि कावळा त्याला शिवायचा नाही. बाकीच्या पितरांची पानं साफ, आबांचं पान तसंच. घारग्या केल्या, वडे केले, आबांना आवडायची म्हणून अळूची भाजी केली. कावळा आंब्यावर बसून मान वाकडी करून बघायचा आणि उडून जायचा. शेवटी दर्भाचा कावळा करून पानाला लावायचा आणि मग माणसं जेवायची. असं बरीच वर्षं चाललं. मग एकाहत्तर साली रामभाऊंनी पानापुढे हात जोडले आणि मोठ्याने सांगितलं, "आबा, तुमाला टाकून पळालेल्या हिरूच्या घरात आपली पोर कधी जाणार नाय." शब्द संपतो न संपतो तोच कावळ्याने वडा उचलला. त्यानंतर दरवर्षी उचलला. झालं, घरात कायदा झाला. असा कायदा, की ज्यावर खुद्द कावळ्याची सही.

आता या घरातल्या धाकट्या राजेशची मुलगी आरोही हिला याच कायद्याखाली दोन वर्षं उभं केलं होतं. ती खोपोलीच्या एका हॉस्पिटलात रक्त तपासायचं काम करते, आणि तिला लग्न करायचं होतं कोंडाण्याच्या नवीनशी. नवीन म्हणजे हिरूच्या मुलीचा नातू. पोरगा सरळ, नोकरीला चिकटलेला, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. मालोजीने त्याच्यात खोट काढायचा पुष्कळ प्रयत्न केला आणि शेवटी थकून पणजोबावर आला. "पळपुट्याचं रक्त हाय," तो म्हणाला. आरोही म्हणाली, "काका, मी रोज रक्तच बघते. तसलं काय त्यात दिसत नाय."

राजेशला पोरीचं पटत होतं, पण भावापुढे बोलायची त्याची प्राज्ञा नव्हती. त्याचं सगळं आयुष्य 'दादा म्हणतो ते पण बरोबर हाय' या एका वाक्यावर चाललं होतं.

आणि नेमकं यंदा धरणाचे दरवाजे दुरुस्त करायचे निघाले. तलाव तळाला नेला. वैशाखात चिखलातून आधी धुराडं वर आलं, मग सगळी बोट. आणि बोटीच्या पोटात, बॉयलरच्या मागे, एका माणसाची हाडं. पोलिसांनी ती खालापूरला नेली आणि निरोप दिला की कुणाचा दावा असेल त्यांनी यावं.

मालोजीचा दावा निरोपाच्या आधीच पोचला होता.

त्या रविवारी सगळं घर हॉलमध्ये जमलं. मालोजीचा मुलगा किरण घाटावर जाऊन व्हिडिओ काढून आला होता, तो त्याने टीव्हीवर लावला. वर हारातले आबा आणि खाली आबांची बोट. तांबेरलेली, चिखलाने भरलेली, एका कुशीवर कललेली. किरणचा मोबाइल बोटीच्या नाकाकडे गेला. तिथून एक जाडजूड साखळी निघून काठावरच्या दगडी धक्क्याकडे गेली होती, आणि धक्क्यातल्या लोखंडी कड्यात पक्की अडकवलेली होती.

 मग आजवर भावापुढे ब्र न काढलेला राजेश हळूच म्हणाला, "दादा, बोट बांधलेली हाय."

"मग? वादळ येनार हे वळखून आबांनी आधीच बांधली असंल."

"मग भर तलावात गेली कशी?"

"साखळी लांब असंल," मालोजी म्हणाला.

आरोहीने ओढणी तोंडाला लावली. चंद्राबाईंनी तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं, कारण त्यांनाही हसू येत होतं आणि दोघींनी एकदम हसणं बरं दिसलं नसतं.

व्हिडिओ बोटीच्या पोटात उतरला. बॉयलरवर नारळाच्या दोन करवंट्या चिखलात रुतल्या होत्या. "पूजेचा नारळ," किरण म्हणाला. "आपुन खंडेनवमीला ट्रॅक्टर धुतो, तशी यांनी बोट धुवायला काढलेली. हा बघा, खाली तळाला नळ हाय. हा उघडला की तलावातलं पानी आत येतं. पोलिसांबरोबर धरणावरचा फिटर व्हता, तो म्हणाला, आळशी मानसं असाच तळ धुतात. नळ उघडायचा, पानी घ्यायचं, घासायचं, नळ बंद करायचा, पानी उपसून टाकायचं. यांनी उघडला, आणि बंद करायचा राहिला."

"कोन म्हनतो राहिला?" मालोजीचा आवाज चढला.

"नळ उघडाच हाय, बाबा. त्याच्यावर पाना बसवलेला हाय. आनि हाडं तिथंच व्हती, नळापाशी. कुनीतरी बंद करायला खाली गेला व्हता."

मालोजीने क्षणभर विचार केला. बैलमाऱ्यांच्या घराण्यात हा गुण आहे, वाट बंद झाली तर ते भिंतीतून काढतात. "मग तेच की," तो म्हणाला. "हिरूने नळ उघडला आनि पळाला. आबा बंद करायला खाली गेले. वादळ नसंल, पन मरन तर वीराचंच आलं ना? बॅनरमधी काय बदलायला नको."

चंद्राबाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. त्या टीव्हीवरच्या त्या गंजलेल्या नळाकडे बघत होत्या, आणि त्यांना मोरीतला तांब्याचा बंब आठवला होता. 

तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. नवीनने हात धरून एका म्हातारीला उतरवलं. भागीबाय. हिरूची मुलगी, बाप नाहीसा झाला तेव्हा आईच्या पोटात होती. पळपुट्याची पोर म्हणून तिला कुणी सून करून घेतलं नाही, शेवटी कुठूनसा एक घरजावई मिळाला. चंद्राबाईंपेक्षा वयाने मोठी, पण पाठ ताठ. ती उंबऱ्याच्या आत आली नाही, व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसली. घरातल्या बायकांनी सवयीने एकमेकींकडे पाहिलं आणि सवयीनेच कुणी पाण्याला उठलं नाही.

"मालोजी," भागीबाय म्हणाली, "पोलीस म्हनतात तुमी हाडं मागितलीत."

"आमचीच हायत, भागीबाय."

"दोन मानसं व्हती बोटीवर. एक तुमचा, एक माजा. सापडला एक. तुमचाच कशावरून?"

"कारन तुमचा पळाला," मालोजी म्हणाला. त्याला वाईट बोलायचं नव्हतं, त्याच्या मते ती नुसती माहिती होती.

नवीन पुढे सरकला, भागीबायने त्याचं मनगट धरून त्याला मागे ठेवलं. "पळाला तर घरी नसता आला? माजी आय मरंपर्यंत दाराला कडी लावून झोपली नाय. रात्रीचा आला तर दार वाजवायला नको त्याला." तिने पदराने तोंड पुसलं. "मला भांडन नको. तपासून घ्या म्हनते. ही आरोहीच सांगत व्हती, हाडावरून कळतं म्हनून."

"डीएनए," आरोही म्हणाली. "काका, तुमचं थोडं रक्त घ्यायचं, भागीआजींचं घ्यायचं. ज्याचं जुळंल त्याचं."

मालोजी रक्ताचं नाव ऐकून जरा मागे रेलला. "त्याला महिने लागतात. पाऊस तोंडावर आलाय. मिरवनूक काय चिखलातून काढायची? आनि आबांच्या हाडांना सुया टोचायच्या? हे घर असं करनार नाय. राजेश, सांग की."

राजेशने पोरीकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं. "दादा म्हनतो ते पन," तो म्हणाला, आणि पुढचं गिळलं.

आरोही उठून आत जायला निघाली. तिच्या चेहऱ्यावर रडू नव्हतं, आणि तेच चंद्राबाईंना सोसलं नाही. दोन वर्षं पोर भांडत होती, आज तिने भांडणं सोडलं होतं.

"बस गं तू," त्या म्हणाल्या. मग पाय खाली घेतले, गुडघ्यावर हात देऊन उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि पितळेचा तांब्या भरून, वर पेला उपडा घालून व्हरांड्यात आल्या. सगळं घर बघत असताना त्यांनी तो भागीबायच्या पुढे धरला.

"आई, काय करतेस?" मालोजी म्हणाला.

"पानी देते. दिसत नाय?" भागीबाय पेला घ्यायला कचरत होती. "घे, भागीबाय. हाडं तुजीच हायत."

मालोजीने तोंड उघडलं. चंद्राबाईंनी त्याच्याकडे वळून पाहिलंच नाही.

"मी लग्न होऊन आले, तवा दर सर्वपित्रीला एक गोसावी यायचा या घरी. भगवी कफनी, दाढी छातीपरत. ओसरीवर जेवायला बसायचा. मालोजी, तुला आठवंल. खडीसाखर द्यायचा तुला. तू त्याच्या मांडीवर मुतला व्हतास एकदा."

"तो राजमाचीकडचा?"

"तोच. सासूबाय त्याला दुसऱ्या कुनाला वाढू द्यायच्या नाय. त्याच्या अळूत त्या कधी चिंच घालायच्या नाय. गोसाव्याला आंबट सोसत नाय, हे हिला कसं ठाव, म्हनून मी नवी सून नवल करायची. आनि त्या गोसाव्याला एक खोड. जेवता जेवता पानावरून उठायचा, मोरीत जायचा आनि बंबाची तोटी पिळून यायचा. ठिबकत नसली तरी. परत येऊन दोन घास खायचा की परत उठायचा. मी म्हनायची, येडा हाय. सासूबाय म्हनायच्या, गप बस." चंद्राबाईंनी टीव्हीकडे बोट केलं, तिथे किरणने थांबवलेलं चित्र अजून तसंच होतं. "आज कळलं मला, त्याला कंचा नळ बंद करायचा व्हता."



"गोसावी कुनीबी असंल," मालोजी म्हणाला, पण आवाजात पहिला जोर नव्हता.

"एकाहत्तरच्या श्रावनात कुनीतरी सांगत आलं की तो गोसावी वारला. सासूबाय भर दुपारच्या मोरीत गेल्या आनि डोक्यावरून आंघोळ केली. पानी मीच काढून दिलं. धा दिवस कुनाला शिवल्या नाय, कोपऱ्यात घोंगडीवर झोपल्या. तुज्या बाला म्हनाल्या, अंगात कणकण हाय. रस्त्यावरच्या गोसाव्याचं सुतक धरतं का रं कुनी? तो कोन ते मी तवाच वळखलं, पन सासूबायच्या पायी तोंड उघडलं नाय."

"आनि त्याच सालच्या सर्वपित्रीला," किरण सावकाश म्हणाला, "कावळा शिवला."

"शिवंल नाय तर काय. त्याच्या आधी पान कुनाला पोचवनार व्हता तो? ज्याच्या नावाचं पान ठेवायचो तो हितंच ओसरीवर बसून दुसऱ्या पानावर जेवायचा. कावळा शाना. आमी येडे." त्या खांबाला टेकल्या. "भ्याला असंल तो. नळ यानंच उघडला, आनि पूजेचा नारळ फोडून वर धक्क्यावर गप्पा मारत बसला असंल. बोट बसाया लागली तवा खाली धावला हिरू. हा काठावरून बघत राहिला. मग साहेबाला काय सांगायचं, हिरूच्या बायकोला काय सांगायचं. गेला निघून. आनि गावात ऐकू आलं की आपुन तर वीर झालो. आता परत आला तर तोंड काय दाखवनार? वीर मेलेलाच बरा असतो."

सासूबाईंचं मात्र चंद्राबाईंना काही बोलवेना. नवरा जिवंत असताना त्या बाईने बांगड्या फोडल्या होत्या, आणि तो मेला तेव्हा रडायची सोय नव्हती. त्यांचा राग यावा की कीव यावी, हे एवढ्या वर्षांत ठरलं नव्हतं आणि आजही ठरलं नाही.

भागीबायने पेला तोंडाला लावला. सगळं पाणी पिऊन झाल्यावर ती म्हणाली, "म्हंजी माजा बा कुठं गेला नव्हता."

"नाय गं. तिथंच व्हता."

मग ती म्हातारी रडली. मोठ्याने, लहान पोरीसारखी, आणि चंद्राबाई तिच्या शेजारी जमिनीवर बसून राहिल्या. मालोजीने टीव्ही बंद केला. बंद टीव्हीच्या वर आबा तेवढे हार घालून, मिशांवर ताव देऊन, सगळ्यांकडे बघत होते.

पोलिसांत मालोजीने दावा मागे घेतला, तोही अशा थाटात की जणू आपल्या मालकीची हाडं दान करतोय. हिरूला कोंडाण्यात अग्नी दिला. दहाव्याला बायकांनी नदीवर जायची इकडे रीत नाही, पण भागीबाय म्हणाली, बापाची इतकी वर्षं वाट बघितली, आता घरी बसून काय करू. मग चंद्राबाईही गेल्या, आणि त्यांना धरून आरोही.

मालोजी पांढरा कडक सदरा घालून आला होता. मधल्या दिवसांत त्याला नवी भूमिका सुचली होती. कावळा शिवणार नाही, हे तो धरूनच चालला होता. एवढी वर्षं पळपुट्या म्हणवून घेतलेला माणूस, इच्छा अडकलेली असणारच. अशा वेळी सगळ्या गावासमोर मालोजी बैलमारे पुढे होणार, हात जोडणार आणि मोठ्या मनाने शब्द देणार, की हिरूतात्या, आमची आरोही तुमच्या घरात दिली. मग कावळा शिवणार. वडलांनी केला तसाच कायदा, फक्त उलटा. किरणला त्याने मोबाइल तयार ठेवायला सांगितलं होतं.

नवीनने पिंड ठेवला. माणसं मागे सरली. पलीकडच्या उंबरावर कावळे होते. मालोजीने घसा साफ केला, दोन पावलं पुढे आला, हात जोडले.

"हिरूतात्या," तो म्हणाला.

कावळा उतरला, पिंडावर चोच मारली आणि घास घेऊन उंबरावर गेला. मागून आणखी तीन उतरले.

मालोजी हात जोडून तसाच उभा राहिला. पुढचं वाक्य त्याच्या तोंडात तयार होतं, आणि ते कुणाला म्हणायचं हे त्याला कळेना.

भागीबाय काठी टेकत त्याच्याजवळ आली. तिने त्याचे जोडलेले हात आपल्या हाताने खाली केले.

"त्याला तुमच्याकडून काय नको व्हतं, मालोजी," ती म्हणाली. "मला हवंय. बोल, पोरगी कवा देतोस?"

मालोजीने आईकडे पाहिलं. चंद्राबाई कावळ्यांकडे बघत होत्या. त्याने राजेशकडे पाहिलं, आता तरी हा 'दादा म्हणतो ते' म्हणेल म्हणून.

"मिरगाच्या आधी," राजेश म्हणाला. "दादा काय म्हनतो ते नंतर बघू."